मेळघाटच्या वळणांवर कोणती मोटरसायकल?

अमरावती : पहिला पाऊस जमिनीत मुरला, की अमरावती आणि अकोल्याहून चिखलदऱ्याकडे निघालेल्या दुचाक्यांची रांग शनिवारी सकाळपासूनच परतवाड्याच्या रस्त्यावर दिसू लागते. एकेकाळी या रांगेत रोज कचेरीला नेणाऱ्या शंभर-दीडशे सीसीच्या गाड्याच असत. २००३ मध्ये हिरो होंडाची करिझ्मा आली आणि लांब पल्ल्यासाठी वेगळी मोटरसायकल घ्यावी, ही कल्पना मध्यमवर्गीय घरातही रुजू लागली. आज त्याच रांगेत उंच, चोचीसारखे मडगार्ड असलेल्या ‘ॲडव्हेंचर’ गाड्या आणि ठेंगण्या, रुंद टायरच्या ‘स्पोर्ट टूरर’ गाड्या शेजारी शेजारी धावतात. घाटात यांपैकी कोणती सरस, हा वाद त्यामुळे चहाच्या टपरीपासून शोरूमपर्यंत रंगतो.

वाद हौसेचा असला तरी त्यात पैसा आणि जीव दोन्ही गुंतलेले आहेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरील वस्तू व सेवा कर १८ टक्क्यांवर आला आणि त्यापुढच्या गाड्यांवर तो ४० टक्के झाला. म्हणजे मोठ्या इंजिनाचा मोह आता पूर्वीपेक्षा महाग आहे. दुसरीकडे, सप्टेंबर २०२३ मध्ये चिखलदऱ्याजवळ पर्यटकांची मोटार दरीत कोसळली आणि पुढच्याच वर्षी सप्टेंबरात सेमाडोहजवळ खासगी प्रवासी बस पुलावरून खाली गेली. दोन्ही अपघातांत माणसे दगावली. पावसाळा सरता सरता हे घाट किती बेभरवशाचे होतात, याची ही अलीकडची उदाहरणे.

दोन घराणी, एक कारखाना

या दोन्ही प्रकारांचा उगम शोधू गेल्यास एका जर्मन कंपनीशी येऊन थांबावे लागते. म्युनिकच्या बीएमडब्ल्यूने १९७६ मध्ये ‘आर १०० आरएस’ ही वारा अडवणारे पूर्ण आवरण असलेली मोटरसायकल आणली. महामार्गावर दिवसभर वेगाने जाता यावे आणि वळणावरही मजा यावी, हा तिचा हेतू. स्पोर्ट टूरर म्हणतात ती हीच जात. त्याच कंपनीने १९८० मध्ये ‘आर ८० जी/एस’ काढली. डांबरी आणि कच्चा असे दोन्ही रस्ते एकाच गाडीने पार करावेत, ही तिच्यामागची कल्पना. पुढच्याच वर्षी पॅरिस-डकार शर्यतीत या कंपनीची गाडी जिंकली आणि ॲडव्हेंचर प्रकाराला जगभर मागणी आली.

महाराष्ट्रातील वाचकाला ही तुलना समजून घेण्यासाठी मात्र जर्मनीपर्यंत जाण्याचे कारण नाही. पुण्याजवळच्या चाकणला बजाजच्या कारखान्यात या दोन्ही घराण्यांचे नमुने तयार झाले. डिसेंबर २०१६ मध्ये आलेली बजाज डॉमिनार ४०० आणि जानेवारी २०२० मध्ये आलेली केटीएम ३९० ॲडव्हेंचर या दोन्ही गाड्यांची इंजिने एकाच मुळातली, ३७३ सीसीची. २०१९ च्या सुधारणेनंतर डॉमिनारची ताकद ४० अश्वशक्ती झाली, तर केटीएमची ४३. ताकदीचा प्रश्न असा जवळपास बरोबरीत सुटल्यावर उरतो तो चौकटीचा, चाकांचा आणि स्प्रिंगांचा फरक. घाटात फरक पडतो तो याच गोष्टींमुळे.

डॉमिनारची दोन्ही चाके १७ इंची, बसण्याची उंची ८०० मिलिमीटर आणि पोटाखालची मोकळी जागा १५७ मिलिमीटर. २०२० च्या केटीएम ३९० ॲडव्हेंचरचे पुढचे चाक १९ इंची, बसण्याची उंची ८५५ मिलिमीटर आणि पोटाखाली २०० मिलिमीटर जागा. खड्ड्यात गेल्यावर डॉमिनारचे पुढचे चाक १३५ मिलिमीटरपर्यंत वर-खाली होते, केटीएमचे १७० पर्यंत. किमतीत त्या वेळी सुमारे एक लाख रुपयांचा फरक होता आणि तो बहुतांशी या मिलिमीटरांचा आणि त्यासोबत येणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणांचा होता, असे म्हणायला हरकत नाही.

घाटाआधीचा सपाट प्रदेश

वऱ्हाडातील चालकाच्या बाबतीत एक गोष्ट हमखास विसरली जाते. त्याचा घाट घराच्या दारात नसतो. अमरावतीहून चिखलदरा सुमारे ८५ किलोमीटर. त्यातील परतवाड्यापर्यंतचे ५० किलोमीटर काळ्या जमिनीच्या सपाटीवरून जातात. अकोल्याचा चालक अकोट किंवा दर्यापूर, अंजनगाव सुर्जी असा येतो, तेव्हा त्याच्या वाट्याला सपाटी याहूनही अधिक. अकोला-अमरावती हा राष्ट्रीय महामार्ग तर या बाबतीत नावाजलेला. जून २०२२ मध्ये लोणी ते माना या टप्प्यात एका मार्गिकेवर ७५ किलोमीटरचे डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत अखंड पूर्ण झाले आणि त्याची नोंद गिनेस बुकात झाली.

अशा रस्त्यावर स्पोर्ट टूररला तोड नाही. ठेंगणी गाडी वाऱ्याला कमी उभी राहते, घट्ट स्प्रिंगांमुळे हेलकावत नाही आणि रुंद टायर सरळ रेषेत घट्ट बसतो. उंच ॲडव्हेंचर गाडीला बाजूला पेट्या लावल्या, की उन्हाळी वावटळीत तीच गाडी आडव्या वाऱ्याने सरकू पाहते. वर्षातून दोनदा घाट आणि दर आठवड्याला महामार्ग असा ज्याचा हिशेब असेल, त्याने इथेच विचार थांबवला तरी चालेल.

वळणाचे गणित

परतवाड्यानंतर चित्र पालटते. अमरावती समुद्रसपाटीपासून सुमारे ३४० मीटरवर, तर चिखलदरा अकराशे मीटरवर आहे. धामणगाव गढी-मोथामार्गे जा किंवा घटांगमार्गे, ही चढाई थोड्या अंतरात उरकावी लागते आणि म्हणून रस्ता स्वतःभोवतीच वळतो. (डिसेंबर १८०३ मध्ये गाविलगडावर चालून आलेल्या इंग्रज फौजेला तोफा ओढण्यासाठी याच डोंगरांतून आधी स्वतः वाट काढावी लागली होती. त्या मानाने आजचा प्रवासी सुखी.)

समजा, घाटातील एखाद्या वळणाची त्रिज्या २० मीटर आहे. ते ताशी ३० किलोमीटरने घेतले, तर गाडी सुमारे २० अंश कलते. ४० च्या वेगाला ३२ अंश. ५० च्या वेगाला ४५ अंश. वेग वीसने वाढला आणि कल दुपटीहून अधिक झाला. ४५ अंश कलण्यासाठी टायरला गाडी व चालकाच्या एकूण वजनाइतकी आडवी पकड लागते. कोरड्या, स्वच्छ डांबरावर चांगला टायर जेमतेम तेवढी पकड देतो. ओल्या रस्त्यावर ती बरीच घटते आणि शेतातल्या ट्रॅक्टरने आणलेला काळ्या मातीचा गाळ पसरला असेल, तर उरतेच किती? हे गणित दोन्ही गाड्यांना सारखेच लागू आहे. ४० अश्वशक्तीची निम्मी ताकदही अशा वळणावर वापरता येत नाही. घाटासाठी ‘पॉवर’ मोजणारे लोक म्हणूनच चुकीची वस्तू मोजत असतात.

नजरेचेही असेच. चालकाला धोका दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद जातो, असे धरले तर ताशी ५० च्या वेगाने चांगल्या कोरड्या रस्त्यावर गाडी थांबायला एकूण सुमारे २८ मीटर लागतात. ताशी ३५ ला १६-१७ मीटर पुरतात. उतारावर आणि ओल्यात हे अंतर वाढते. कड्याला चिकटून जाणाऱ्या वळणावर पुढचे २५ मीटरच दिसत असतील, तर पन्नासचा वेग हा जुगार आहे. समोरून एसटी वळणाची जवळजवळ सगळी रुंदी व्यापून येऊ शकते, गुरे बसलेली असतात, सेमाडोह-हरिसालच्या पट्ट्यात तर गवा किंवा सांबर रस्ता ओलांडत असू शकते. मेळघाट हा १९७३-७४ मधल्या देशातील पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक आहे, ही गोष्ट हौशी चालकाने सहलीच्या छायाचित्रापुरतीच लक्षात ठेवू नये.

चाक मोठे की रुंद?

बैलगाडीचे चाक एवढे मोठे का असते, हे ज्याला ठाऊक आहे त्याला ॲडव्हेंचर गाडीचे पुढचे चाक समजावून सांगावे लागत नाही. मोठे चाक चाकोरीत किंवा खड्ड्यात कमी शिरते आणि सहज बाहेर येते. २०२३ अखेर आलेल्या रॉयल एनफिल्डच्या हिमालयन ४५० चे पुढचे चाक २१ इंची आहे, हिरोच्या एक्सपल्स २०० चेही तेवढेच. पावसाळ्यात डांबर उखडून वळणाच्या मधोमध खडी पसरलेली असते, तिथे हे चाक आणि लांब चालीच्या स्प्रिंगा चालकाला सावरायला क्षणभराची उसंत देतात. रुंद हँडलमुळे वळण अर्ध्यात असतानाही दिशा किंचित बदलता येते. स्पोर्ट टूररवर अशी खडी आली, तर पुढचे चाक टणकन उसळते आणि पकड त्या क्षणापुरती सुटते.

याची दुसरी बाजू जाहिराती सांगत नाहीत. मोठे, अरुंद चाक वळायला आळशी असते. एकामागून एक डावी-उजवी वळणे आली, की १७ इंची चाकांची गाडी जणू मनातच वळते. २१ इंचीला दर वेळी हँडलाने पटवावे लागते. शिवाय जोरात ब्रेक मारला, की लांब स्प्रिंगा दबून गाडीचे नाक खाली जाते आणि वळणात शिरताना तिचा तोल बदलतो. रस्ता नवा आणि कोरडा असेल, तर सारख्याच कुशलतेचे दोन चालक घाटात सोडल्यास स्पोर्ट टूररवाला वर आधी पोहोचेल, यात शंका नाही.

याहून महत्त्वाचा मुद्दा जरा सूक्ष्म आहे. घट्ट स्प्रिंगांची गाडी रस्त्याचा प्रत्येक खडा मनगटाला कळवते. चालक आपोआप हात आखडता घेतो. मऊ स्प्रिंगांची ॲडव्हेंचर गाडी तो खडा लपवते. चाळीसचा वेग तिच्यावर तिशीसारखा वाटतो. तिने दिलेली सवलत सुरक्षिततेसाठी राखायची, की वेगात खर्च करून टाकायची, हे चालकाच्या हातात असते आणि पहिल्याच पावसाळ्यात अनेकजण ती वेगात उधळतात.

उतरताना आणि थांबताना

चढताना चुका पचतात, उतरताना नाही. चिखलदऱ्याहून परतवाड्याकडे उतरताना क्लच दाबून, गाडी न्यूट्रलमध्ये टाकून पेट्रोल वाचवण्याची आपल्याकडची सवय दोन्ही प्रकारांत सारखीच घातक. दुसऱ्या किंवा तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनानेच वेग धरून ठेवला, की ब्रेक तापत नाहीत. एकाच मोठ्या सिलिंडरची ही इंजिने थ्रॉटल सोडताच चांगली आवळून धरतात. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरील सर्व नव्या गाड्यांना एबीएस बंधनकारक झाला आहे. काही ॲडव्हेंचर गाड्यांवर मागच्या चाकाचा एबीएस बंद करण्याची सोय असते. ती कच्च्या रस्त्यासाठी आहे, ओल्या डांबरी घाटात ती वापरू नये.

उंचीचा प्रश्न तर थांबल्यावरच कळतो. तीव्र वळणावर समोरून बस आली आणि आतल्या कडेला थांबावे लागले, की रस्ता एका बाजूला उतरता असतो. ८५५ मिलिमीटर उंचीच्या गाडीवरून मध्यम उंचीच्या माणसाचा पाय जमिनीला लागता लागता राहतो आणि सामान व मागे बसलेल्या माणसासह गाडी सावकाश आडवी होते. अशा पडण्याची बातमी होत नाही, पण घोटा आणि क्लचची दांडी हमखास जाते. ८०० मिलिमीटरच्या डॉमिनारवर हा प्रसंग क्वचितच येतो. १९६ किलोंच्या हिमालयन ४५० ची बैठक ८२५ वर येते, पण तिचे वजन विसरता येत नाही.

अकोल्याकडून अकोट, पोपटखेडमार्गे नरनाळ्याच्या पायथ्याला जाणाऱ्यांनी वजनाचा विचार अधिक करावा. पावसाळी वाटेवर दीडशे किलोंच्या किंचित वरची एक्सपल्स एकटा माणूस उचलून उभी करू शकतो. महामार्गावर मात्र तिचे २०० सीसीचे इंजिन लवकर दमते. मधला मार्ग म्हणून एप्रिल २०२२ मध्ये आलेल्या सुझुकी व्ही-स्ट्रॉम २५० एसएक्सचे नाव घ्यावे लागेल. तिचे पुढचे चाक १९ इंची, वजन १६७ किलो, बैठक ८३५ मिलिमीटर. सपाटीवर ताशी नव्वदीला ती कुरकुरत नाही, घाटात अवजड होत नाही आणि ३५० सीसीच्या आतली असल्याने कराचाही भार कमी.

अमरावती-अकोल्याच्या, बहुधा जोडीने आणि पावसाळ्यात मेळघाटात जाणाऱ्या चालकासाठी पारडे ॲडव्हेंचरकडे झुकते, पण ते हलक्या आणि मध्यम ॲडव्हेंचरकडे. हजार सीसीच्या आसपासच्या परदेशी गाड्यांना, मग त्या कोणत्याही घराण्यातल्या असोत, या घाटात पाय पसरायलाच जागा नाही. आणि ज्याच्या दारात आधीच स्पोर्ट टूरर उभी आहे, त्याने ती विकण्याची घाई करू नये. गुळगुळीत झालेले टायर बदलावेत, मागे कोणी बसणार असेल तर मागच्या शॉकॲब्सॉर्बरची स्प्रिंग सोबतच्या पान्याने दोन खाचा घट्ट करावी आणि हवा कंपनीने दोघांसाठी सांगितली आहे तेवढीच भरावी. परतवाड्याला चहासाठी सगळे थांबतातच. या तीन गोष्टी तपासून घ्यायला ती जागा सोयीची आहे, कारण पुढे घाट लागतो.