पाठीवर घर घेतलेला पिकअप: सस्पेन्शनचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

अमेरिका आणि कॅनडात पिकअप ट्रकच्या हौद्यात एक छोटे घर चढवून भटकंतीला निघण्याची जुनी पद्धत आहे. या घराला ट्रक कॅम्पर म्हणतात. आत पलंग, शेगडी, पाण्याची टाकी, मोठ्या कॅम्परमध्ये न्हाणीघरसुद्धा. आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर पुढे आलेला झोपायचा माळा. ट्रेलर मागून ओढला जातो, त्याच्या वजनाचा मोठा वाटा त्याच्या स्वतःच्या चाकांवर असतो. कॅम्परला चाकेच नसतात. त्याचा प्रत्येक किलो पिकअपच्या पाठीवर येतो, आणि तोही जमिनीपासून बराच उंच.

त्यामुळे नवा कॅम्पर घेतलेला माणूस पहिल्याच प्रवासात बेचैन होतो. गाडी मागून बसते, वळणावर कलते, पुलाच्या सांध्यावर डुबकी घेते, वाऱ्यात भरकटते. अशा वेळी जो तो वेगवेगळा सल्ला देतो आणि हजारो डॉलर खर्चून आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी असा प्रकार होतो. बसणे, कलणे, डुबकणे आणि भरकटणे ही चार वेगळी दुखणी आहेत. त्यांची कारणे वेगळी, म्हणून इलाजही वेगळे. हे न ओळखल्याने पसरलेले काही गैरसमज तपासून पाहू.

गैरसमज 1: जादा पाटे किंवा एअर स्प्रिंग (हवेचे फुगे) बसवले की गाडी जास्त वजन पेलते.

वस्तुस्थिती: आपल्याकडे माल वाहणाऱ्या पिकअपचा मालक गॅरेजमध्ये जाऊन ‘एक पाटा वाढवून द्या’ म्हणतो, त्यामागेही हीच समजूत असते. पाटा वाढवला तर मागची बाजू कमी बसते, एवढेच खरे. गाडीची वजनमर्यादा केवळ पाट्यांवर ठरत नाही. ॲक्सल, त्याची बेअरिंग, ब्रेक, चाकांच्या रिम, टायर आणि चासी या सगळ्यांचा विचार करून निर्माता ती ठरवतो. पाटे बदलले तरी ब्रेक तेच राहतात, बेअरिंगही तीच राहते.

अमेरिकेत ही मर्यादा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेली असते: गाडीचे एकूण कमाल वजन आणि पुढच्या-मागच्या ॲक्सलची वेगवेगळी कमाल वजने. बाजारातला कोणताही किट लावून हे आकडे बदलत नाहीत. किट बनवणाऱ्या कंपन्या स्वतःही तसे लिहितात. ऑस्ट्रेलियात मान्यताप्राप्त सस्पेन्शन किट बसवून, प्रमाणपत्र घेऊन गाडीचे कमाल वजन कायदेशीररीत्या वाढवता येते. पण तिथेही ती वाढ प्रमाणपत्राने मिळते, नुसते पाटे घातल्याने नाही.

गैरसमज 2: ‘वन-टन’ पिकअप आहे आणि कॅम्पर टनाच्या आसपास आहे, म्हणजे जमले.

वस्तुस्थिती: हाफ-टन, थ्री-क्वार्टर-टन, वन-टन ही नावे जुन्या काळातली आहेत. आज ती 1500, 2500, 3500 अशा वर्गांची बोलीतली ओळख म्हणून उरली आहेत. एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांची भारक्षमताही इंजिन, केबिन आणि फोर-व्हील ड्राइव्हप्रमाणे बदलते. डिझेल इंजिन जड असते. ते वजन भारक्षमतेतून वजा होते.

दुसरी फसगत कॅम्परच्या माहितीपत्रकात असते. तिथे छापलेले वजन बहुधा ‘कोरडे’ असते. समजा, ते 1,150 किलो आहे. 30 गॅलन पाणी म्हणजे सुमारे 115 किलो. दोन छोटे भरलेले प्रोपेन सिलिंडर 35 किलो. जादा बॅटरी, बाजूला उघडणारे सावलीचे छत, वातानुकूलन यंत्र मिळून 80 किलो धरू. भांडी, कपडे, किराणा, खुर्च्या 120 किलो. एकूण 1,500 किलो झाले, आणि अजून कुणी गाडीत बसलेले नाही. भारक्षमतेत ड्रायव्हरसकट सगळी माणसे मोजायची असतात. घरातली चौघे मिळून 280 किलो धरली, तर खरा भार जवळजवळ 1,800 किलो होतो.

म्हणून पहिला खर्च सुट्या भागांवर न करता वजनकाट्यावर करावा. अमेरिकेत महामार्गालगतच्या ट्रक-थांब्यांवर कॅट स्केलसारखे सार्वजनिक काटे असतात. त्यावर पुढच्या आणि मागच्या ॲक्सलचे वजन वेगवेगळे छापून मिळते. पाणी भरून, माणसे बसवून, प्रवासाला निघाल्यासारखीच गाडी तोलावी.

गैरसमज 3: मागची बाजू उचलून गाडी सरळ केली की वजन पुढच्या चाकांवर परत जाते.

वस्तुस्थिती: गाडी सरळ दिसू लागते, पण वजन जिथे होते जवळपास तिथेच राहते. भाराची वाटणी ठरते ती कॅम्परचा गुरुत्वमध्य मागच्या ॲक्सलच्या पुढे आहे की मागे, यावर. बैलगाडी भरणाऱ्याला हे शिकवावे लागत नाही. ओझे मागे गेले की गाडी उलाळ होते आणि जू बैलांच्या मानेवरून उचलले जाते. पिकअपमध्ये बैलांच्या जागी पुढची चाके असतात, आणि ती हलकी झाली की स्टिअरिंगची पकड सुटत जाते.

एक हिशेब पाहा. पुढच्या-मागच्या चाकांतले अंतर 3.6 मीटर, कॅम्पर 1,500 किलोचा. गुरुत्वमध्य मागच्या ॲक्सलच्या 6 सेंटिमीटर पुढे असेल, तर पुढच्या चाकांवर फक्त 25 किलो जातात आणि उरलेले 1,475 किलो मागे. तोच मध्य ॲक्सलच्या 30 सेंटिमीटर मागे सरकला, तर पुढच्या चाकांवरचे 125 किलो उलट कमी होतात आणि मागच्या ॲक्सलवर 1,625 किलो येतात. कितीही हवा भरली तरी हे गणित बदलत नाही. अमेरिकेच्या संघीय नियमांत ट्रक आणि कॅम्परच्या मेळाचा स्वतंत्र नियम आहे, तो याचसाठी. पिकअप बनवणाऱ्याने गुरुत्वमध्य कुठे चालेल ते सांगायचे आणि कॅम्पर बनवणाऱ्याने तो कुठे आहे ते. ही दोन उत्तरे खरेदीपूर्वी जुळवून पाहावीत.

गाडी सरळ करण्याला अर्थ आहेच. मागून बसलेल्या गाडीचे हेडलाइट समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर जातात आणि पाटे टेकून खड्ड्यात दणके बसतात. गाडी मर्यादेत असूनही बसत असेल, तर तो दोष दूर करण्यापुरती एअर स्प्रिंग उत्तम.

गैरसमज 4: जाड, महागडे शॉकअप घातले की गाडी बसायची थांबते.

वस्तुस्थिती: वजन स्प्रिंग पेलते. शॉकअप फक्त तिचे हेलकावे शमवतो. स्प्रिंग दाबली गेली की उसळू पाहते. शॉकअपमधले तेल बारीक छिद्रांतून ढकलले जाते आणि त्या उसळीतली ऊर्जा उष्णतेत बदलते. उभ्या गाडीत साधा शॉकअप जवळपास काहीच उचलत नाही, म्हणून तो बदलून गाडीची उंची बदलत नाही.

त्याचा खरा उपयोग डुबकण्यावर आहे. अलास्का महामार्गावर, विशेषतः कॅनडाच्या युकॉन प्रदेशातल्या टप्प्यात, गोठलेली जमीन वितळून-गोठून डांबर लाटांसारखे उंच-सखल होते. तिथे कंपनीचे शॉकअप घातलेला, पाठीवर कॅम्पर घेतलेला पिकअप एका लाटेवरून उतरल्यावरही दोन-तीनदा पुढे-मागे झुलत राहतो. कडकपणा कमी-जास्त करता येणारे शॉकअप इथे पैसे वसूल करतात: भरल्या गाडीला कडक, कॅम्पर उतरवल्यावर मऊ.

गैरसमज 5: गाडी डोलते? एअर स्प्रिंगमध्ये हवा वाढवा.

वस्तुस्थिती: इथे सर्वांत जास्त पैसे वाया जातात. दोन्ही बाजूंचे हवेचे फुगे एकाच नळीने जोडलेले असतील, तर वळणावर दाबल्या गेलेल्या फुग्यातली हवा दुसऱ्या फुग्यात जाते. ज्या बाजूला आधार हवा तीच बाजू मऊ पडते आणि गाडी आणखी कलते. म्हणून प्रत्येक फुग्याला स्वतंत्र नळी आणि स्वतंत्र झडप हवी. त्यामुळे डावी-उजवीकडचे असमान वजनही सावरता येते.

कलण्यावरचा नेमका इलाज म्हणजे अँटी-रोल बार. ही पोलादी कांब दोन्ही चाकांना जोडते. दोन्ही चाके एकत्र वर-खाली झाली तर ती गप्प असते, एक बाजू दबली की पीळ खाऊन विरोध करते. त्यामुळे प्रवासाचा मऊपणा फारसा न बिघडता डोलणे कमी होते. वायोमिंगमध्ये आय-80 महामार्गावर आडवा वारा कॅम्परच्या उंच भिंतीवर आदळतो, तेव्हा हिची किंमत कळते.

याखेरीज एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. बऱ्याच पिकअपमध्ये कंपनीनेच जड भारासाठी एक राखीव पाटा दिलेला असतो. पण गाडी बरीच बसेपर्यंत तो टेकतच नाही, आणि या मोकळ्या अंतरातच गाडी डोलते. तिथे जाड ठोकळा बसवला की तो पाटा आधीपासून कामाला लागतो. थोडक्या खर्चात होणारा हा बदल आधी करून पाहावा. टिम्ब्रेनसारखे पोकळ रबरी आधारही याच तत्त्वावर लवकर टेकतात. त्यात हवा भरायची नसते, म्हणून गळतीची भीतीही नाही.

गैरसमज 6: टायरमधली हवा थोडी कमी ठेवली की प्रवास मऊ होतो.

वस्तुस्थिती: रिकाम्या गाडीला हे थोडेफार लागू असेल. कॅम्पर चढवल्यावर हा खेळ जिवावर बेततो. टायर किती वजन पेलेल, हे आतल्या हवेच्या दाबावर ठरते. उदाहरणार्थ, टायरवर भारांक 121 असेल तर तो 1,450 किलो पेलतो, पण ‘ई’ वर्गाच्या टायरमध्ये ते 80 पीएसआय दाबाला. दोन मागचे टायर मिळून 2,900 किलो. रिकाम्या पिकअपच्या मागच्या ॲक्सलवर 1,250 किलो आणि कॅम्परचे वरच्या हिशेबातले 1,475 धरले तर 2,725 होतात. उरले फक्त 175 किलो. मागे बसणाऱ्यांचे वजनही त्यातूनच जायचे. दाब 60 वर आणला तर ही शिल्लक राहत नाही; टायरच्या भिंती जास्त वाकतात, तापतात आणि उन्हाळ्याच्या लांब पल्ल्यात फुटतात.

भरकटण्याचे कारणही अनेकदा इथेच सापडते. मऊ भिंतींचा टायर उंच ओझ्याखाली आडवा लवतो आणि गाडी रेषेत राहत नाही. योग्य भारांकाचे टायर आणि वजनाच्या तक्त्याप्रमाणे दाब, हा सस्पेन्शनचाच पहिला भाग आहे. रिमलाही स्वतःची भारमर्यादा असते, तीही तपासावी.

गैरसमज 7: जितके कडक, तितके सुरक्षित.

वस्तुस्थिती: स्प्रिंग खड्ड्याचा दणका स्वतः झेलते. तिला फार कडक केले की तो दणका चासी, कॅम्परचे सांधे आणि त्याला जखडणाऱ्या साखळ्यांकडे जातो. युटामधल्या मोआबभोवतीच्या कच्च्या, पन्हाळी पत्र्यासारख्या रस्त्यांवर हे लवकर दिसते: कपाटांचे स्क्रू सुटतात, सांध्यांतून पाणी झिरपू लागते. शिवाय एअर स्प्रिंग चासीला एकाच ठिकाणी रेटते. हौद्याचा भार ॲक्सलच्या बराच मागे लोंबत असेल, तर चासी त्या जागी वाकू शकते. ऑस्ट्रेलियात लांब प्रवासाच्या पिकअपमध्ये अशा वाकलेल्या चासी पुष्कळ पाहायला मिळाल्या आहेत.

मग करायचे काय, आणि कोणत्या क्रमाने?

आधी वजन करा. मर्यादा ओलांडली असेल, तर हलका कॅम्पर किंवा मोठी, मागे दुहेरी चाकांची गाडी हाच उपाय आहे. सुट्या भागांच्या दुकानात तो मिळत नाही. वजन मर्यादेत असेल तर टायर आणि त्यातली हवा नीट करा. कॅम्पर हौद्यात सरकू नये म्हणून खाली रबरी चटई घाला आणि साखळ्यांचा ताण तपासा. मग राखीव पाटा लवकर टेकवा. तरीही गाडी कलत असेल तर अँटी-रोल बार, बसत असेल तर एअर स्प्रिंग, डुबकत असेल तर शॉकअप. एका वेळी एकच बदल करा आणि त्याच रस्त्यावर पुन्हा चालवून पाहा, म्हणजे कशाने गुण आला ते कळेल.

या गाडीत माणसे झोपतात, मुले मागे बसतात, आणि समोरून येणाऱ्या गाडीतही कुणाचे तरी कुटुंब असते. दाराच्या चौकटीवरचे ते आकडे या सगळ्यांसाठी लिहिलेले आहेत. ते पाळून केलेली सुधारणाच प्रवास खरोखर सुखाचा करते.