छोट्या सुतारशाळेसाठी बँडसॉ

गोव्याच्या डिचोली तालुक्यात, दोडामार्गाच्या शिवेला लागून, लाटंबार्से हा गाव आहे. अशा गावांतून सुताराचा धंदा कित्येकदा घराच्या पडवीतच चालतो. बाप रंधा मारतो, मुलगा करवत धरतो, आणि चौकटी, खुर्च्या, पाळणे यांवर घरचा चरितार्थ होतो. हल्ली अशा घरांत एक प्रश्न निघतो : छोटी बँडसॉ घ्यावी काय, आणि घ्यावी तर कोणती? प्रश्न यंत्राचा दिसतो खरा. पण त्यात घरची शिल्लक, कदाचित कर्ज, आणि कमावत्या हाताची बोटे गुंतलेली असतात.

दोन चाकांवरून फिरणारा पोलादी पट्टा आणि त्याच्या एका काठाला दाते, एवढीच या करवतीची रचना. इंग्लंडमध्ये विल्यम न्यूबेरी याने १८०८ साली ती योजिली. परंतु पट्ट्याची टोके टिकाऊपणे जोडता येईनात, म्हणून ती बरीच वर्षे निरुपयोगी राहिली. १८४६ साली फ्रान्समधील क्रेपँ नावाच्या एका स्त्रीने जोड देण्याची रीत शोधली, तेव्हा कोठे ही करवत खरी कामास लागली. आजही या यंत्राचा जीव पात्यातच आहे, हे घेणाऱ्याने विसरू नये.

तिचा मोठा गुण म्हणजे काटकसर. १०० मिलीमीटर जाडीच्या ठोकळ्यातून ६ मिलीमीटरच्या फळ्या काढायच्या आहेत असे समजू. गोल करवत प्रत्येक चिरेत सुमारे ३ मिलीमीटर लाकूड खाते. फळ्या ११ निघतात. बँडसॉचे पातळ पाते सुमारे १ मिलीमीटरच खाते. फळ्या १४ निघतात. सागाचा भाव ज्याला ठाऊक आहे, त्याला या तीन फळ्यांचे मोल सांगावयास नको. शिवाय खुर्चीच्या पाठीचा बाक किंवा पाळण्याची कमान हिच्यावर सहज कापता येते.

आता निवड. दुकानात जाण्यापूर्वी गेल्या वर्षभरात आपण काय कापले ते वहीत लिहून काढावे. जास्तीत जास्त जाडी किती होती? रुंदी किती? चाकाचा व्यास साधारण १० इंच असेल, तर पाते आणि खांब यांमध्ये त्याहून किंचित कमी जागा मिळते. पात्याखाली किती उंचीचे लाकूड जाते, हे मात्र यंत्रागणिक बदलते. ते स्वतः पट्टीने मोजावे. खेळणी, चौकटी आणि वाकणांचे काम असेल, तर अर्ध्या अश्वशक्तीची मोटर पुरते. फणस किंवा साग उभा चिरायचा असेल, तर एक अश्वशक्ती तरी हवी. ती घरच्या एक-फेज विजेवर चालते, तरी वायरिंग आणि अर्थिंग जाणकाराकडून तपासून घ्यावे.

पात्याचा विचार यंत्राइतकाच करावा. सरळ चिरण्यासाठी अर्धा इंच रुंद आणि इंचाला ३ दात्यांचे. वाकणासाठी पाव इंच रुंद आणि इंचाला ६ दात्यांचे पाते ठेवावे. त्या लांबीची पाती म्हापशाला किंवा सावंतवाडीला मिळतात काय, याची चौकशी आधीच करावी. पात्यावाचून पडलेले यंत्र म्हणजे पडवीतली अडगळ. काम संपताच ताण सैल करावा. पावसाळ्यात पाते आणि टेबल यांस तेलाचा हात द्यावा.

बोटांचे काय? ही करवत लाकूड खाली टेबलावर दाबते, सुताराच्या अंगावर फेकत नाही, म्हणून ती गरीब वाटते. तो भ्रम आहे. वरचे गार्ड लाकडापासून पाव इंचाहून अधिक उंच ठेवू नये. गोल ओंडी हातात धरून कापू नये; ती पात्याखाली गरकन फिरते. शेवटचा भाग काठीने ढकलावा. हातमोजे आणि लोंबती बाही टाळावी, आणि मुलांना दूर ठेवावे. भुशाचीही उपेक्षा नको : जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाची धूळ कर्करोगकारक ठरविली आहे. नाकावर मास्क आणि उघडी खिडकी, एवढे तरी असावे.

एक सूचना कायद्याची. ओंडके चिरणाऱ्या गिरणीला परवाना लागतो, आणि घरचे झाड तोडण्यासही गोव्यात १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे परवानगी घ्यावी लागते. म्हणून चिरलेले लाकूड पावतीने विकत घ्यावे, पावती जपून ठेवावी, आणि यंत्राचे पैसे मोजण्यापूर्वी वनखात्याच्या कचेरीत विचारून यावे.

तात्पर्य, शेजाऱ्याच्या यंत्राकडे पाहून आपले यंत्र निवडू नये. आपल्या वहीकडे पाहून निवडावे. महिन्यातून दोनदा लागणाऱ्या जाड चिरेसाठी कर्जाने मोठे यंत्र घेण्यापेक्षा तेवढे लाकूड गिरणीतून चिरून आणणे शहाणपणाचे. हप्ता फिटेपर्यंत झोप उडविणारे यंत्र कितीही चांगले असले, तरी ते त्या घराच्या मापाचे नव्हे.