सैबेरियाच्या उत्तर किनाऱ्याचा नकाशा कोणी काढला?

रशियाच्या ‘महान उत्तर मोहिमे’ने (१७३३–१७४३) सैबेरियाचा आर्क्टिक किनारा प्रथमच पद्धतशीर मोजला. मोहिमेचा प्रमुख व्हिटस बेरिंग, म्हणून नकाशाही त्यानेच काढला असा सर्रास समज आहे. या मोहिमेत बेरिंग त्या किनाऱ्यावर मोजणीला गेलाच नाही. तो पॅसिफिकमधून अमेरिकेच्या शोधात निघाला आणि परतताना डिसेंबर १७४१ मध्ये एका निर्जन बेटावर मरण पावला. उत्तर किनाऱ्याचे भाग पाडून ते नौदलाच्या स्वतंत्र पथकांकडे सोपवले होते. दिमित्री आणि खारितोन लाप्तेव हे चुलतभाऊ त्यांतल्याच दोन पथकांचे प्रमुख.

  

हे काम जहाजांतून झाले, हा समजही अर्धाच खरा. सुरुवात जहाजांनीच झाली. पण १७३५ च्या हिवाळ्यात लेना नदीच्या मुखाच्या पूर्वेला अडकलेल्या, लासिनियस या प्रमुखाच्या पथकातले बहुतेक लोक स्कर्वीने गेले, तो स्वतःही. १७४० मध्ये खारितोनचे ‘याकुत्स्क’ जहाज बर्फाने चिरडले. मग तैमिर द्वीपकल्पाची मोजणी कुत्र्यांच्या स्लेजवरून झाली. उन्हाळ्यात टुंड्राची दलदल होते. समुद्र गोठलेला असताना मात्र किनाऱ्यालगतच्या सपाट बर्फावरून स्लेज चालवता येते. मे १७४२ मध्ये खारितोनच्या पथकातला सिम्योन चेल्युस्किन अशाच प्रवासात आशियाच्या मुख्य भूमीच्या उत्तर टोकावर पोचला. खूण म्हणून त्याने तिथे सोबत वाहून आणलेला एक ओंडका रोवला आणि तासाभरात पुढची वाट धरली.

जुने नकाशे म्हणजे निव्वळ अंदाज, असेही म्हटले जाते. अक्षांशांबाबत ते खोटे ठरते, कारण सूर्याच्या उंचीवरून ते बऱ्यापैकी अचूक काढता येत. रेखांशांची गोष्ट वेगळी; ते काढायला अचूक वेळ लागते. समुद्रावर भरवशाची वेळ दाखवणारे हॅरिसनचे घड्याळ १७६० च्या दशकात सिद्ध झाले. तोवर दिशा आणि कापलेले अंतर यांवरच विसंबावे लागे. त्यामुळे या नकाशांतल्या मोठ्या चुका पूर्व-पश्चिम दिशेच्या आहेत.

चेल्युस्किन खरोखर टोकापर्यंत गेला का, अशी शंका एकोणिसाव्या शतकात काही जाणकारांनीच काढली. १८७८ मध्ये नॉर्डेनशिओल्ड या संशोधकाचे ‘वेगा’ जहाज तिथे पोचले, तेव्हा चेल्युस्किनने केलेले वर्णन बरोबर निघाले.