निवड तिची, साहाय्य मोबाईलचे

र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले, तेव्हा या विषयाचा उच्चारही समाजाला रुचत नव्हता. पुढे १९५२ मध्ये भारताने कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. तथापि निवडीचा प्रश्न अद्याप पुरता सुटलेला नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील ३७.९ टक्के विवाहित स्त्रियांनी शस्त्रक्रियेचा मार्ग पत्करला होता. पुरुष नसबंदीचे प्रमाण मात्र अवघे ०.३ टक्के होते.

वास्तविक पाळणा लांबविण्याची साधने अनेक आहेत. निरोध, तांबी आणि गोळ्या यांच्या जोडीला २०१७ पासून दर तीन महिन्यांनी घ्यावयाचे ‘अंतरा’ इंजेक्शन व संप्रेरकविरहित ‘छाया’ गोळी शासकीय कार्यक्रमात आली. परंतु एकीला मानवणारे साधन दुसरीला अपायकारक ठरू शकते. येथेच मोबाईल अ‍ॅपचा उपयोग होतो.

जागतिक आरोग्य संघटनेने १९९६ मध्ये यासंबंधीचे वैद्यकीय निकष प्रथम प्रसिद्ध केले. त्यांत प्रत्येक साधनाची चार वर्गांत प्रतवारी केलेली असते. पहिल्या वर्गातील साधन निर्धास्त वापरावे, तर चौथ्या वर्गातील मुळीच वापरू नये. या निकषांवर आधारलेल्या संघटनेच्या अ‍ॅपमध्ये आरोग्यसेविकेने स्त्रीची प्रकृती नोंदविली की वर्ग समोर येतो. उदाहरणार्थ, बाळंत होऊन पाच आठवडे झालेल्या, बाळाला अंगावर पाजणाऱ्या मातेस नेहमीच्या संयुक्त संप्रेरक गोळ्या चौथ्या वर्गात येतात; तांबी मात्र पहिल्या वर्गात येते. एरवी ग्रंथ चाळून शोधावे लागणारे उत्तर असे क्षणात मिळते.

मात्र अ‍ॅप रक्तदाब मोजीत नाही, तपासणीही करीत नाही. पाळीच्या तारखा सांगणारी अ‍ॅप्स तर वेगळ्याच कामाची असून साधनाच्या निवडीसाठी त्यांवर विसंबणे योग्य नव्हे. शिवाय कोणती साधने निर्धोक आहेत एवढेच अ‍ॅप सांगते. त्यांतील कोणते घ्यावे, पुढचे मूल केव्हा हवे, हे त्या स्त्रीनेच ठरवावयाचे असते.

आणखी एक अडचण ध्यानात घेतली पाहिजे. उपरोक्त पाहणीत स्वतः वापरावयाचा मोबाईल असलेल्या स्त्रिया ५४ टक्के होत्या. उरलेल्या जणींच्या हाती येणारा मोबाईल बहुधा पतीचा किंवा मुलाचा. त्यावर उमटलेली खाजगी माहिती घरभर होण्यास कितीसा वेळ लागणार? म्हणून अशा स्त्रीस आरोग्यसेविकेने आपल्या मोबाईलवर माहिती दाखवावी, आणि तीही एकांतात.

ग्रामपंचायतींनी उपकेंद्रात अशा संभाषणासाठी आडोशाची जागा करून द्यावी. शिक्षकांनी पालकसभांत मातांप्रमाणेच पित्यांनाही ही जबाबदारी समजावून द्यावी. उद्दिष्टपूर्तीचा आकडा गाठण्यासाठी एकच साधन पुढे करण्याचा मोह अधिकाऱ्यांनी टाळावा. सर्व साधने समोर ठेवून निर्णय तिच्यावर सोपविला, तरच या नव्या उपकरणाचे सार्थक होईल.