पत्रा, पाऊस आणि अ‍ॅम्बॅसिडर

बंद टपाची, चार दारांची आणि मागे स्वतंत्र डिकी असलेली जी घरगुती मोटार इंग्रजी परंपरेत सलून म्हणून ओळखली जाते, ती महाराष्ट्राच्या ग्रामीण भागाला सर्वांत जवळून परिचित झाली अ‍ॅम्बॅसिडर या नावाने. इंग्लंडमधील काउली येथे १९५६ साली मॉरिस ऑक्सफर्ड या गाडीची तिसरी मालिका बाजारात आली आणि त्याच दशकाच्या अखेरीस हिंदुस्थान मोटर्सने तिची बनावट अ‍ॅम्बॅसिडर या नावाने पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथे सुरू केली. पुढे समोरची जाळी, दिवे आणि इंजिने बदलत गेली, तरी मूळ घडण न सोडता हे उत्पादन २०१४ पर्यंत चालले. ब्रिटिश वंशाच्या इतर गाड्याही या प्रदेशाने पाहिल्या. मुंबईत १९४९ साली स्थापन झालेल्या ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया या कंपनीने रूट्स समूहाच्या गाड्यांची जुळणी केली, तर मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने १९६१ पासून हेरल्ड बनवली. मात्र कचेरीच्या आवारापासून लग्नाच्या वरातीपर्यंत सर्वत्र वावरली ती अ‍ॅम्बॅसिडरच, आणि त्यामुळे घराच्या अंगणात जुन्या ब्रिटिश सलूनचे पुनरुज्जीवन करण्याचा विचार येथे होतो तेव्हा बहुधा तीच समोर उभी असते.

पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातील भोर आणि वेल्हे (आता राजगड) या तालुक्यांत या कामाला एक वेगळेच परिमाण लाभते, कारण तेथे गाडीचा खरा शत्रू धाव नसून ओल असते. नीरा, वेळवंडी, गुंजवणी आणि कानंदी या नद्यांची ही खोरी, ज्यांत जुने हिरडस मावळ आणि गुंजण मावळ येतात, पश्चिमेला सह्याद्रीच्या माथ्याला भिडलेली असल्याने पावसाळ्याचे चार महिने तेथे हवाच ओली असते. भाताला मानवणारी ही ओल पत्र्याला मानवत नाही. गाडी बंद पडली की ती पडवीत किंवा गोठ्याच्या कडेला ढकलली जाते, तिच्यावर ताडपत्री घातली जाते, आणि मालकाला वाटते की ती सुरक्षित आहे. वस्तुतः ताडपत्रीखाली जमिनीची वाफ कोंडून राहते, जनावरांच्या मूत्रातून सुटणारा अमोनिया हवेत मिसळतो, सीटमधील काथ्यात उंदीर घरे करतात, आणि शेजारी रचलेल्या पोटॅश खताच्या गोणीतून झिरपणारे क्षार लोखंडाचा गंज अनेक पटींनी वेगाने वाढवतात. अशा अवस्थेत काढलेली दहा वर्षे रस्त्यावर काढलेल्या तीस वर्षांपेक्षा गाडीला अधिक जड जातात.

गंजाचे एवढे महत्त्व का, हे समजण्यासाठी या गाडीची रचना पाहावी लागते. जीप किंवा ट्रक यांना चासी असते, म्हणजे दोन लांब लोखंडी तुळयांचा सांगाडा असतो आणि त्यावर बॉडी बसवलेली असते. हेरल्डलाही अशी स्वतंत्र चासी होती. अ‍ॅम्बॅसिडरला ती नाही. तिची फरशी, दारांमधले खांब, टप आणि दारांखालच्या पोकळ पेट्या हे सारे एकमेकांना जोडून गाडीचा भार उचलतात, म्हणून पत्रा हे तिचे कातडेही असते आणि हाडही. दाराखालच्या पेटीला, जिला घराच्या भाषेत उंबरा म्हणता येईल, बाहेरून चांगला रंग असला तरी आतून ती पोखरलेली असू शकते, कारण चाकाने उडवलेला चिखल आणि काचेवरून दारात उतरलेले पाणी अखेर तेथेच साचते. लोखंडाचे गंजात रूपांतर झाले की त्याचे आकारमान मूळच्या कित्येक पट होते, त्यामुळे दोन पत्र्यांच्या जोडात शिरलेला गंज तो जोड आतून उकलत नेतो आणि रंगावर फुगा दिसेपर्यंत आतला निम्मा पत्रा गेलेला असतो.

या कारणाने गाडीची पारख इंजिनापासून नव्हे तर उंबऱ्यापासून करणे शहाणपणाचे ठरते. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने पत्रा ठोकत गेले असता धड पत्रा ठणठणीत वाजतो आणि कुजलेला बद्द आवाज करतो. फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक दरवाजाच्या खालच्या कडेवरून फिरवले तर ते जेथे चिकटत नाही तेथे पत्र्याऐवजी पुट्टी भरलेली आहे, हे उघड होते. पूर्वीच्या मालकांनी विक्रीआधी करून घेतलेल्या डेंटिंग-पेंटिंगमध्ये अशी बोटभर जाड पुट्टी पुष्कळदा सापडते. इंजिन आजही बोअर करून, म्हणजे सिलिंडर घासून त्यात किंचित मोठे पिस्टन घालून, पूर्ववत करता येते. शिरवळ किंवा पुण्याच्या चांगल्या टर्नरला हे काम नवे नाही आणि पुण्याच्या नाना पेठेत अथवा बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात चिकाटीने शोधणाऱ्याच्या हाती सुटे भाग लागतात. उंबरा मात्र कोणत्याही पेठेत तयार मिळण्याची खात्री नसते. तो १८ किंवा २० गेजच्या पत्र्यातून वाकवून, मापून, पुन्हा वाकवून घडवावा लागतो.

उंबरा कापण्यापूर्वी गाडी समपातळीत ठोकळ्यांवर उचलून दाराच्या चौकटीत लोखंडी अँगल आडवे-तिरपे बसवून ती जखडावी लागते, कारण आधार कापला की गाडी मधोमध खचते आणि एकदा खचलेल्या गाडीचे दार पुन्हा नीट लागत नाही; म्हणून एक बाजू पूर्ण झाल्यावरच दुसरी हाती घेतली जाते. गॅस वेल्डिंगच्या ज्योतीने पातळ पत्रा दूरवर तापून लाटेसारखा वाकतो, त्यापेक्षा मिग वेल्डिंग, ज्यात तार सतत पुढे सरकते आणि वायूचे आवरण वितळलेल्या धातूला हवेपासून वाचवते, अधिक योग्य ठरते. गावातील सिंगल फेजवर चालणारी यंत्रे मिळतात, पण विजेचा दाब कमी-जास्त होत असेल तर टाक्यांची पकड फसवी राहते, तेव्हा भार कमी असलेल्या वेळी काम करणे बरे. जेथे पत्रा शाबूत आहे पण पृष्ठभागावर तांबूस थर आहे, तेथे तो घासून गंज-रूपांतरक लावतात. यांपैकी काही द्रावणांचे काम टॅनिनवर चालते. टॅनिन गंजाशी संयोग पावून काळा, स्थिर थर तयार करते. हिरड्याच्या फळात हेच टॅनिन भरपूर असते आणि हिरडा व लोह यांच्या मिलाफातून काळी शाई बनवण्याची रीत या देशात जुनी आहे. हिरडस मावळात ही रसायनविद्या परकी वाटू नये.

इंजिनाचे काम त्या मानाने सुखाचे असते. १४८९ घन सेंटिमीटरचे हे बिडाचे इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी मालिकेतले असून त्याचा बोअर ७३ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव जवळपास ८९ मिलिमीटर आहे. म्हणजे ते उंच, संथ आणि कमी फेऱ्यांत जोर देणारे आहे. हात घालणाऱ्याला पहिला धडा पाने देतात. या गाडीचे नट इंची मापाचे आहेत आणि इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत, या हिशेबाने अर्ध्या इंचाचा नट चार सुतांचा होतो, ज्याचे दशमान माप १२.७ मिलिमीटर भरते. त्यावर घरातला १३ चा पाना बसतो खरा, पण ०.३ मिलिमीटरची ती ढिलाई गंजलेल्या नटाचे कोपरे गोल करण्यास पुरेशी असते, आणि कोपरे गेलेला नट काढण्यात एक दुपार जाते. इंची पान्यांचा एक संच, गंजलेल्या जोडांवर दोन दिवस आधी सोडलेले पातळ तेल आणि प्रत्येक सुट्या भागासोबत ठेवलेली चिठ्ठी एवढ्या तयारीने निम्मा मनस्ताप टळतो.

इंधनाचा प्रश्न मात्र नवा आहे. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झाले. बिडाच्या हेडमधील व्हॉल्व्हच्या बैठका शिशाच्या वंगणावर टिकत असत, त्यामुळे हेड उघडलेच आहे तर कठीण धातूच्या बैठका बसवून घेणे हिताचे. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते, ते हवेतील ओल शोषते आणि जुन्या रबराला फुगवून कुजवते, म्हणून पंपाचा पडदा, नळ्या आणि कार्बोरेटरची सील नव्या इथेनॉलसह्य रबराची घालावीत, आणि पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर टाकी अर्धवट भरलेली ठेवू नये.

ब्रेकच्या बाबतीत काटकसरीला जागा नाही. भोरहून महाडला उतरणारा वरंधा घाट ज्यांनी पाहिला आहे त्यांना याचे कारण सांगावे लागणार नाही. जुन्या मॉडेलांत चारही चाकांना ड्रम ब्रेक असून त्यांना तेल पुरवणारी वाहिनी एकच असते, त्यामुळे एका चाकाचा सिलिंडर गळला तरी चारही ब्रेक जातात. शिवाय ब्रेक ऑइल वर्षानुवर्षे ओल शोषत राहते; लांब उतारावर ड्रम तापले की त्या पाण्याची वाफ होते, वाफ दाबली जाते पण दाब पोचवत नाही, आणि पेडल तळाला जाते. म्हणून सर्व रबर किट, नळ्या आणि तेल नवे, ही अट न पाळता गाडी घाटात नेणे हा दुसऱ्याच्या जिवाशी केलेला खेळ होय.

रंगाची वेळ पंचांग ठरवते. दिवाळी ते होळी हा कोरडा काळ सोडून फवारलेल्या जुन्या पद्धतीच्या एनसी रंगावर, म्हणजे नायट्रोसेल्युलोज असलेल्या झटपट वाळणाऱ्या रंगावर, पांढरट झाक येते, कारण थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि हवेतील बाष्प त्यावर जमते. पावसाळा सुटे करण्यासाठी आणि चिठ्ठ्या लावण्यासाठी, हिवाळा पत्रा व रंगासाठी, अशी वाटणी येथे स्वाभाविक आहे. रंग मूळ छटेचाच असावा. कारखान्यातून आली त्याहून झगमगीत केलेली अ‍ॅम्बॅसिडर पाहणाऱ्याला दिपवते, पण ती कोणत्या काळाची आहे हे सांगू शकत नाही.

कागदपत्रांचा विचार मात्र सर्वांत आधी हवा. नोंदणीला १५ वर्षे झाल्यावर दर ५ वर्षांनी तपासणीसह नूतनीकरण लागते. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे उलटलेल्या बिनव्यावसायिक गाडीला विंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते, नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आहे, क्रमांकात व्ही-ए ही अक्षरे येतात आणि प्रमाणपत्र १० वर्षे चालते. मात्र चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार केलेली गाडी त्यात बसत नाही आणि नोंदलेली गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. ज्यांनी पूर्वी परवडते म्हणून दुसऱ्या बनावटीचे डिझेल इंजिन बसवले, त्यांच्यासाठी हा दरवाजा बंद आहे.

काम पुरे झाल्यावर गाडी ठेवण्याची जागा गोठ्यापासून दूर, खालून हवा खेळणारी आणि खतांविना असावी, आणि मृग लागण्यापूर्वी दारांच्या आणि उंबऱ्यांच्या खालच्या कडेतील पाणी निघण्याची बारीक छिद्रे तारेने मोकळी करून घ्यावीत. ती मातीने बुजली की घडवलेल्या नव्या उंबऱ्यात पहिल्याच पावसाचे पाणी साचू लागते.