12 जणांची एक दिवसाची सहल

बडोद्याहून अहमदाबाद, अंतर साधारण 100 किलोमीटर. नुसतं फिरायला निघालेल्या 12 जणांना रेल्वे गट म्हणून सूट देत नाही. पैसे वाचतात ते गाडी निवडताना. सुपरफास्टला सेकंड क्लासमध्येही माणशी 15 रुपये जादा, म्हणजे सगळ्यांचे जाऊन-येऊन 360. तेवढ्यात सकाळचा नाश्ता होतो! म्हणून मी मेमू धरतो. वेळ जास्त लागतो, लागू दे. पण मेमूच्या तिकिटावर सुपरफास्टमध्ये चढू नका, दंड भरावा लागेल.

बरोबर मुलं असतील तर आरक्षण महाग पडतं. 5 ते 12 वर्षांच्या मुलासाठी सीट घेतली की पूर्ण भाडं. अनारक्षित डब्यात अर्धं. 5 वर्षांखालच्यांना तिकीटच लागत नाही. अनारक्षित तिकिटावर 3 तासांत निघावं लागतं, तेव्हा सगळे स्टेशनवर जमले की मगच खिडकीवर जा.