लेखी द्या

माढ्याच्या नगरपंचायतीत आवक-जावकच्या टेबलाशेजारी थोडा वेळ थांबलं, की दोन शब्द पुन्हा पुन्हा कानावर पडतात. नळाला पाणी येईना, ‘लेखी द्या.’ खांबावरचा दिवा गेलाय, ‘लेखी द्या.’ शेजाऱ्यानं पायरी पुढं काढली, ‘लेखी द्या.’ सांगणारा माणूस उद्धट नसतो. त्याच्यासमोर आवक नोंदवही उघडी असते. तारीख, अनुक्रमांक, अर्जदाराचं नाव, विषय, कोणत्या विभागाकडे, असे तिच्यात रकाने आखलेले असतात. तोंडी सांगितलेलं गाऱ्हाणं त्यातल्या कुठल्याच रकान्यात बसत नाही.

गावाचं शहर होणं म्हणजे काय, हे मला या टेबलापाशी कळलं. रस्ते, दुकानं, माणसं फारशी बदलली नव्हती. बदलली होती ती म्हणणं मांडण्याची रीत.

माढा हे जुनं तालुक्याचं ठिकाण. निजामाचे सरदार रावरंभा निंबाळकर यांचा भुईकोट आणि माढेश्वरीचं देऊळ ही गावाची ओळख. १८८४ च्या सोलापूर गॅझेटियरमध्येही माढा हा जिल्ह्याचा एक तालुका म्हणून येतो. तरी तालुक्याचा सगळा भार माढ्यावर कधीच नव्हता. रेल्वेचं जंक्शन कुर्डुवाडीला. बार्शी लाइट रेल्वेमुळे ते गाव वाढलं आणि तिथं नगरपरिषद आली. पुणे-सोलापूर हमरस्ता टेंभुर्णीवरून गेला, औद्योगिक वसाहत तिथं झाली. पंचायत समिती आणि प्रांत कार्यालय कुर्डुवाडीत, तहसील आणि कोर्ट माढ्यात. तालुक्यातल्या माणसाला कोणत्या कामासाठी कोणत्या एसटीत बसायचं हे पाठ असतं. २००८ च्या पुनर्रचनेत माढा नावाचा लोकसभा मतदारसंघ झाला, २००९ मध्ये शरद पवार तिथून निवडून आले आणि हे नाव देशाच्या बातम्यांत गेलं. त्या काळात गावाचा कारभार मात्र ग्रामपंचायतच बघत होती.

राज्य सरकारनं २०१४ साली तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती करायचं ठरवलं आणि त्यात माढाही आलं. त्याबरोबर कायदा बदलला, दाद मागायची वाटही बदलली. आधी ग्रामसेवकाच्या वर कुर्डुवाडीचे गटविकास अधिकारी, त्यांच्या वर जिल्हा परिषद. आता मुख्याधिकारी आणि त्यांच्या वर थेट सोलापूरचे जिल्हाधिकारी. नगरपंचायतीचे निवडून आलेले सदस्य १७. ग्रामपंचायतीतही जास्तीत जास्त १७ च असतात. पण तिथं एका वॉर्डात दोन-तीन सदस्य असायचे, एकानं ऐकलं नाही तर दुसऱ्याकडे जाता यायचं. इथं एका प्रभागाला एकच नगरसेवक.

निवडणुकीचा तपशील थोडक्यात सांगतो, कारण तोही कागदावरच्या निर्णयानंच घडला. २०२१ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानं ओबीसी आरक्षणाला स्थगिती दिली. त्यामुळे राज्यातल्या इतर नगरपंचायतींप्रमाणे माढ्यातही काही प्रभागांत २१ डिसेंबरला मतदान झालं, राहिलेल्यांत १८ जानेवारी २०२२ ला, आणि सगळ्यांची मतमोजणी दुसऱ्या दिवशी. पहिल्या टप्प्यातली मतं महिनाभर यंत्रांत बंद राहिली.

ग्रामपंचायतीची नगरपंचायत होण्यात जे गेलं त्यात मला सर्वांत मोठी वाटते ती ग्रामसभा. नगरपंचायतीला ग्रामसभा नसते. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या तारखा ग्रामपंचायतीच्या गावात अजून वेगळ्या असतात. गणपूर्तीला १५ टक्के मतदार किंवा १०० माणसं, यांतला लहान आकडा पुरतो. ती होते तशीच होते, भांडणं होतात, पुष्कळदा तहकूब होते, हे सगळं मला ठाऊक आहे. तरीही उभं राहून ‘सरपंच, गेल्या साली मंजूर झालेली मोरी कुठं हाय?’ असं विचारायचा हक्क तिथं प्रत्येक मतदाराला आहे, आणि त्याला अर्ज लागत नाही. नगरपंचायतीची सर्वसाधारण सभा लोकांसाठी खुली असते. मागं बसून ऐकता येतं. बोलता येत नाही.

मग म्हणणं कुठं मांडायचं? कागदावर.

एक म्हातारी आपल्या नातवाला घेऊन वारस नोंदीसाठी आली होती. घर अजून सासऱ्याच्या नावावर. नवरा गेला, मुलगा पुण्याला, घरकुलासाठी अर्ज करायचा तर घर आपल्या नावावर हवं. घरकुलाचाही हिशेब शहर झाल्यानं बदललेला. ग्रामीण योजनेत १ लाख २० हजार मिळत, शहरी योजनेत अडीच लाख. पण शहरी पैशाला मालकीचा पुरावा आणि बांधकाम परवानगी लागते. रक्कम दुपटीवर गेली, कागद त्याहून जास्त वाढले.

‘आजी, सासऱ्यांच्या मृत्यूचा दाखला?’

‘आवं, ते बाहत्तरच्या दुष्काळात गेले. त्येंचा कुठला दाखला?’

कर्मचारी उठला, कपाटातून ग्रामपंचायतीच्या काळातल्या मृत्यू नोंदीच्या वह्या काढल्या. कापडी पुठ्ठ्याच्या, कडा खाल्लेल्या. ग्रामपंचायत गेली तरी तिचं दप्तर नगरपंचायतीकडे आलं आहे, आणि माझ्या मते इमारतीपेक्षा ते दप्तर मोलाचं आहे. त्याच्याही आधीच्या नोंदी हव्या असतील तर तहसीलच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुकाची नक्कल मागावी लागते.

‘महिना कुठला होता, आजी?’

‘म्हैना कसा सांगू? घट उठले हुते. कार्तिकीला जायचं म्हणत हुते, ऱ्हायलं.’

पंढरपूर इथून जवळ, त्यामुळे कार्तिकी ही इथल्या बायकांची पक्की तारीख. कर्मचाऱ्यानं मोबाईलमध्ये १९७२ चं पंचांग शोधलं. दसरा ऑक्टोबरच्या मध्यात, कार्तिकी एकादशी नोव्हेंबरच्या मध्यात. म्हणजे महिनाभराची पानं चाळायची. तो बोट फिरवत गेला, म्हातारी टेबलाच्या कडेला हात ठेवून उभी. नोंद सापडली, पण नाव वेगळं होतं. घरी ज्या नावानं हाक मारत तेच लागलं होतं. नातू म्हणाला, हे आमचे नव्हेत. म्हातारी म्हणाली, ‘ह्येच. समदे त्येस्नी आसंच म्हणायचे.’

तिच्या त्या वाक्यावर माझा विश्वास बसला, बहुधा कर्मचाऱ्याचाही. तरी त्यानं सांगितलं ते बरोबरच होतं: दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र लागेल, सगळ्या वारसांची नावं आणि संमती लागेल, घरपट्टी-पाणीपट्टीची बाकी भरल्याची पावती लागेल, मग हरकती मागवायची नोटीस निघेल, मुदत संपली की नोंद. घाई करून एका वारसाचं नाव सुटलं तर पुढं तीस वर्षं भावाभावांत कोर्ट चालतं. ही काळजी घेणारा माणूस टेबलामागे असणं ही गावाची मोठी कमाई आहे. पण त्या काळजीचं सगळं ओझं त्या म्हातारीनं उचलायचं, हे मला पटत नाही.

कारण लेखी द्यायचं म्हणजे कुणाकडून तरी लिहून घ्यायचं. तहसील आणि कोर्टाच्या आसपास झेरॉक्स, टायपिंगची दुकानं आहेत, अर्ज लिहून देणारे आहेत. त्यांच्या कागदाला ठरलेला साचा असतो. ‘महोदय, वरील विषयास अनुसरून’ इथून सुरुवात होते आणि ‘तरी मेहेरबान साहेबांनी’ इथपर्यंत येते. माणसाचं स्वतःचं दुःख मधल्या दोन ओळींत बसवलेलं असतं. गटार तुंबून घरात पाणी शिरतं, रात्री पोरं खाटेवर घ्यावी लागतात, असं बाई सांगत असते. टाइप होतं ते ‘गटारीची दुरुस्ती होणेबाबत’. तेवढाच विषय आवक वहीत चढतो, तेवढाच पुढच्या टेबलावर जातो.

नगरसेवकांचीही यातून सुटका नाही. सर्वसाधारण सभेची नोटीस सात दिवस आधी निघते, विशेष सभेची तीन दिवस आधी. सोबत विषयपत्रिका. पहिला विषय मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे, मग जमाखर्च, मग कामं, आणि शेवटी अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय. जिल्ह्यातल्या अशाच एका छोट्या गावच्या सभेत मी एका नगरसेविकेला आपल्या प्रभागातल्या अंधाऱ्या बोळाबद्दल पोटतिडकीनं बोलताना ऐकलं. ती थांबल्यावर विचारणा झाली: ‘ताई, ठरावात घ्यायचं का? सूचक तुम्ही, अनुमोदक कोण?’ ती क्षणभर गोंधळली. शेजारच्या सदस्यानं हात वर केला आणि तिच्या दहा मिनिटांच्या बोलण्याचा दीड ओळीचा ठराव झाला. पण पुढच्या वेळी तीच ताई घरून कागदावर मजकूर लिहून आली होती, आणि तिनं शेवटी विचारलं, ‘जसं लिहिलंय तसंच इतिवृत्तात येईल ना?’

ठराव झाला म्हणजे काम झालं असं गावाला वाटतं. प्रत्यक्षात तिथून काम सुरू होतं. अभियंता जागेवर फीत धरून माप घेतो, अंदाजपत्रक करतो. त्याला तांत्रिक मान्यता, मग प्रशासकीय मान्यता. पैसे वित्त आयोगाचे, नगरोत्थानचे की जिल्हा नियोजन समितीचे, त्यावर वाट ठरते. ठरलेल्या मर्यादेच्या वरचं काम असेल तर ई-निविदा. मग कार्यारंभ आदेश, काम, मोजमाप पुस्तक, देयक. या साखळीत आपल्या बोळाचा कागद कुठं अडकलाय हे विचारायला लोक येतात, तेव्हा कामी येतो तो आवक क्रमांक. म्हणून जुनी जाणती माणसं अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि सही घेतल्याशिवाय टेबल सोडत नाहीत. पोच प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून रेशनकार्डाशेजारी ठेवतात.

माझं म्हणणं एवढंच आहे की लेखी हवं असेल तर लिहून घेण्याचं काम कार्यालयानं करावं. ही मागणी नवी नाही. पोलीस ठाण्यात तोंडी दिलेली खबर अधिकाऱ्यानं लिहून घ्यायची, देणाऱ्याला वाचून दाखवायची आणि मग सही घ्यायची, हा आपला जुना कायदा आहे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यातही, ज्याला लिहिता येत नाही त्याची तोंडी विनंती लेखी करायला जनमाहिती अधिकाऱ्यानं मदत करायची आहे. गुन्ह्याला आणि माहितीला जे चालतं ते तुंबलेल्या गटाराला का चालू नये? त्यासाठी ना निधी लागतो ना मंजुरी. आवक वहीशेजारी एक खुर्ची आणि लिहिणारा माणूस पुरे.

बोललेलं कायद्यानं लिहून घेतलं जातं अशी एक जागा नगरपंचायतीत आहे. ती म्हणजे करआकारणीवरच्या हरकतींची सुनावणी. दर चार वर्षांनी मालमत्तांची नव्यानं आकारणी व्हायची असते. मोजणी होते, यादी लागते, हरकतीला मुदत मिळते, हरकत अर्थात लेखीच. पुढं सुनावणीला मात्र माणूस समोर बसतो आणि बोलतो. इथं काय लिहिलं जातं त्यावर पुढची चार वर्षं अवलंबून असतात, कारण थकबाकीवर महिन्याला २ टक्के शास्ती चढते. यादीत बांधकामाचे प्रकार असतात: आरसीसी, विटांचं, पत्र्याचं, कच्चं. सोलापूरकडच्या माळवदाला त्यात नेमकी जागा नसते. दगडाच्या रुंद भिंती, वर लाकूड आणि मातीचं सपाट छत. बाहेरून पाहणाऱ्याला ते घर भक्कम वाटतं, राहणाऱ्याला दर मृगाआधी वर माती टाकून ते जपावं लागतं.

अशा एका सुनावणीला एक तात्या आले होते. हातात घराचे दोन फोटो, बोलणं मोजकं. माळवदाला पक्क्या बांधकामाचा दर लावू नये आणि मागचा गोठा राहतं घर म्हणून धरू नये, ही त्यांची हरकत. अधिकाऱ्यांनी प्रश्न विचारले, फोटो पाहिले, मग लिपिकाला मजकूर सांगितला: अर्जदार समक्ष हजर, म्हणणे ऐकले, जागेची फेरतपासणी करणे. लिपिकानं कागद सहीसाठी पुढं सरकवला. तात्यांनी पेन घेतलं नाही.

‘काय लिवलंय ते वाचा की.’

लिपिकानं वाचलं. तात्यांनी मान हलवली.

‘मी आजून येक सांगितलं हुतं. पावसात उत्तरेकडचा खण गळतो, तिथं आम्ही ऱ्हात न्हाय. ते घाला.’

अधिकाऱ्यांनी ‘घ्या’ म्हटलं. लिपिकानं खाली ती ओळ वाढवली आणि पुन्हा पहिल्यापासून वाचून दाखवली. मग तात्यांनी चष्मा लावला आणि सही केली.